सांगून केलेली तपासणी

मोठ्या ठेकेदारानं सरकारला दिलेला शब्द तो पाळतो की नाही, हे बघायला सरकारनं मला ठेवलं आहे. लग्नकार्यात कोणी "तुम्ही काय करता?" विचारलं की मी हेच वाक्य सांगते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं बाई फार वरच्या हुद्द्यावर आहे. प्रत्यक्षात माझ्याकडे एक टेबल आहे, लाथ मारल्याशिवाय न उघडणारं एक लोखंडी कपाट आहे आणि छापील फॉर्मांचा गठ्ठा आहे.

काम तसं समजायला सोपं आहे. सरकारी वसतिगृहं, क्वार्टर, शाळांच्या इमारती यांचा मोठा ठेका निघतो. तो घेणारी कंपनी मोठी असते, बहुतेक वेळा बाहेरची. सरकार तिला अट घालतं की सगळं एकटीनं खाऊ नकोस, ठरलेला हिस्सा इथल्या छोट्या कारखान्यांना दे. खिडक्यांच्या जाळ्या, दारांच्या चौकटी, फुटपाथचे ब्लॉक, असलं काम. टेंडर भरतानाच कंपनी यादी जोडते: जाळ्या या शेडला, चौकटी त्या शेडला. सोबत त्या शेडवाल्यांची सहमतीपत्रं. मग दर तीन महिन्यांनी कंपनी लिहून देते की आम्ही शब्द पाळला, आणि मी जागेवर जाऊन बघते. फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात "संतोषजनक" किंवा "असंतोषजनक" लिहायचं असतं. आमचं ऑफिस हिंदीत चालतं. यातला दुसरा शब्द मी सगळ्या नोकरीत चार-पाच वेळाच लिहिला असेल, आणि त्याचा मला अभिमान होता. मला वाटायचं, माझ्या हद्दीत लोक नीट वागतात.

तपासणीला मी नेहमी सांगून जायचे. आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास फोन करायचा, उद्या येते म्हणून. नियमात असं कुठेही नाही. ही माझ्या आईची शिकवण.

वडील रेल्वेत होते, नागपूरकडून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. क्वार्टरमध्ये पाहुण्यांची ये-जा असायची, बहुतेक न सांगता, कारण गाडी बदलायला मध्ये चार तास मिळाले की लोकांना आमचं घर आठवायचं. आई हसून या म्हणायची आणि मागच्या दारानं शेजारणीकडे वाटी घेऊन जायची. एकदा शेजारीण घरी नव्हती. त्या दिवशी आईनं पाहुण्यांना बिनसाखरेचा चहा दिला आणि आमच्याकडे असाच पितात म्हणून सांगितलं. पाहुणे गेल्यावर मोरीत तोंड धुताना ती रडली. मला म्हणाली, "कोणाकडे जायचं तर सांगून जावं बाई. त्याले घर आवरू दे." हे मी इतकं मनावर घेतलं की सख्ख्या बहिणीकडेही फोन केल्याशिवाय जात नाही.

शिवाय मला धाडी घालणाऱ्या अधिकाऱ्यांचा मनस्वी राग आहे. जीप दारात लावायची, दांडगाईनं आत शिरायचं, आणि तो शेडवाला बिचारा हात पुसत, शर्टाची बटणं लावत समोर उभा. गरिबाच्या दारात असं शिरण्यात कसली मर्दुमकी? ऑफिसातले लोक मला चिडवायचे, "मैडम तो शादी का न्योता देकर जाँच करने जाती हैं।" मी म्हणायचे, हो, आणि तुम्ही लोक तर बिनबोलावता पंगतीला बसता.

फॉर्मवर ठेकेदाराच्या समन्वयकाचाही नंबर असतो, म्हणून मी त्यालाही फोन करायचे. न्याय दोन्ही बाजूंना सारखा. या गोष्टीतला समन्वयक तिशी उलटलेला, इस्त्रीच्या शर्टातला, कधीही आवाज न चढवणारा माणूस होता. दर वेळी एकच उत्तर द्यायचा. "जी मैडम, आप आइए, सब तैयार मिलेगा।" सगळं तयार म्हणजे कागदपत्रं तयार, असं मी समजत होते.

जाळ्यांचं काम ज्या शेडच्या नावावर होतं ते उरल्यात, रायपूरबाहेरच्या कारखान्यांच्या भागात होतं. ब्राह्मणपाऱ्यातल्या घरून स्कूटी काढून उरल्याला जायचं म्हणजे जाताना पांढरा असलेला दुपट्टा येताना राखाडी होतो. दोन्ही बाजूंना रोलिंग मिल, मध्ये ट्रकांची रांग, आणि हवेत कायम अशी धूळ की दातांखाली कचकचते. शेड एका बाईचं होतं, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. आधी ती एका मिलच्या ऑफिसात माल कुठे गेला त्याच्या नोंदी ठेवायची. तिथे बसून बसून तिला लोखंड कळायला लागलं, आणि एक दिवस नोकरी सोडून तिनं भाड्याचं शेड घेतलं. दोन वेल्डर, घासाई-रंगाला तीन बाया. पहिल्या भेटीत आम्ही दोघी हिंदीत बोललो. वेल्डरनं ठिणग्या माझ्या पायाशी उडवल्या तेव्हा ती स्वतःशीच पुटपुटली, "काहून असं करून राहिला हा," आणि मी चमकून बघितलं. तिचं माहेर भंडाऱ्याकडचं निघालं. त्यानंतर मी ताई झाले.

दीड वर्षात मी त्या शेडला सहा वेळा गेले. दर वेळी भिंतीशी जाळ्यांची चळत, दोघी बाया लाल ऑक्साइडचा रंग मारताहेत, तिसरी कोपरे घासते आहे, आणि जमीन अशी झाडलेली की पंगत बसवावी. मी फोननं फोटो काढायचे, त्यावर जागा आणि वेळ आपोआप उमटते. मी मोजायचे, फॉर्म भरायचे. एकदा त्या बायांना कौतुकानं म्हणाले, "इतना साफ शेड पूरे उरला में नहीं है।" त्यांनी खाली बघितलं. मला वाटलं, लाजल्या.

ज्याची तपासणी करायची त्या पार्टीकडे मी कधी जेवत नाही. चहा घेते, कारण चहाला नाही म्हणणं हा अपमान होतो, पण जेवणाचा डबा माझा. सहाव्या भेटीत तो डबा तिथेच राहिला. दोन दिवसांनी उरल्यातच दुसऱ्या एका युनिटला जायचं होतं, तेव्हा येताना घेऊ म्हटलं. आता हे सांगताना मला हसू येतं, पण मी तेव्हाही तिला दोनदा फोन लावला. उचलला नाही. मी मनाला समजावलं की डबा आणायला जाणं ही काही तपासणी नव्हे.

शटर अर्धं खाली होतं. मी वाकून आत गेले.

शेड रिकामं होतं. भिंतीशी जिथे चळत होती तिथे नुसती भिंत. एका कोपऱ्यात मिस्त्री लोक वाळू वाहायला वापरतात त्या एकचाकी गाड्या पडल्या होत्या, वाकलेल्या, तुटलेल्या, आणि एक वेल्डर त्यातल्या एकीचं हँडल सरळ करत होता. दुसरा नव्हताच. दोन बाया उलट्या डब्यांवर बसून लाल भाजी निवडत होत्या. मालकीण आतून आली, मला बघितलं, आणि तिचा चेहरा तसा झाला जसा त्या दिवशी आईचा झाला होता.

आणि मी काय केलं? मी तिला उत्तर सुचवलं. "माल साइटवर गेला वाटतं?"

"हव," ती म्हणाली.

भाजी निवडणाऱ्या एका बाईला हसू आवरलं नाही. तिनं पदर तोंडावर घेतला, पण हसली ती हसलीच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडायला लागला, आणि तो पडू नये असं मला फार वाटत होतं.

मालकिणीनं मला स्टूल दिलं आणि स्वतः गाडीच्या कडेवर टेकली. मग एकदम सांगून टाकलं. जाळ्या ठेकेदाराच्या स्वतःच्या यार्डात बनतात. माझा फोन आला की दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ट्रक येतो. जाळ्या उतरवतात, बायांच्या हाती रंगाचा डबा देतात. मी गेले की तासाभरात ट्रक परत भरतो. तिच्या शेडला खरं काम मिळतं ते एवढंच, साइटवरच्या मोडक्या गाड्यांची दुरुस्ती.

"सहाही वेळा?"

"सहाही वेळा."

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत? मी समोर बसून चहा पीत होते. आपण मराठीत बोलत होतो."

तिनं हातावरचा गंज झटकला. मग म्हणाली, "ताई, राग नका मानू. मले वाटलं तुम्ही त्यांच्यातल्याच हा. ज्याले खरंच पाहाचं असते तो आदल्या दिवशी फोन करून येते का? तुमचा फोन आला का मी म्हणो, झालं, यायचं ठरलेलं हाय. तुम्ही फोन त्यालेही करता, मलेही करता. आणखी काय समजू मी?"

ती पुढे म्हणाली, "मी वाट पाहून राहिली होती का कोणीतरी न सांगता येईन. कोणीच नाई आलं."

आयुष्यात मला कोणी लाच देऊ केली नाही, इतकी माझी ख्याती. आणि ही बाई दीड वर्ष मला विकली गेलेली समजून चहा पाजत होती, आणि माझ्या चांगुलपणावरूनच समजत होती. मला तिचाच राग आला. मग माझा आला. त्या इस्त्रीच्या शर्टाचा राग यायला दुसरा दिवस उजाडला.

"पण तुम्ही सहमतीपत्र दिलंच कशाला? सोडून द्या ना हे. दुसऱ्या कंपनीच्या यादीत नाव घाला."

"घातलं होतं. दोन ठिकाणी." ती उठली, आतून एक कागद आणला. दुसऱ्या ठेकेदाराच्या टेंडरवर आमच्याच ऑफिसचा शेरा होता: सदर युनिटची उत्पादन क्षमता चालू ठेक्यात पूर्णतः व्यस्त, सबब अपात्र. आधार म्हणून माझ्या तपासणी अहवालांचे क्रमांक दिले होते. मी मोजलेल्या जाळ्या, मी काढलेले फोटो. सरकारच्या दप्तरी तिचं शेड दिवसरात्र धडधडत होतं, म्हणून तिला कोणी काम देऊ शकत नव्हतं. इतकी घट्ट गाठ मारायला कोणी दुष्ट लागतो असं मला वाटायचं. मी तर फक्त मोजून, तपासून, सही केली होती.

मी उठले तेव्हा तिनं डबा आणून दिला. घासून लख्ख केलेला. हातात घेतला तर जड. आत मुर्रा आणि गुळाचा खडा होता. इकडे मुरमुऱ्यांना मुर्रा म्हणतात. "रिकामा कसा देऊ," ती म्हणाली, "आणि आज शेडात दुसरं काही नव्हतं." पार्टीकडून मी तेवीस वर्षांत घेतलेली ती पहिली वस्तू. नाही म्हणायचं तोंड मला उरलं नव्हतं.

पुढचे दोन दिवस मी घरात कोणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटताना मुलीला सगळं सांगितलं. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतून येतं. "तो सच लिख दो ना मम्मी। इसमें सोचना क्या है?"

"खरं लिहिलं की आधीच्या सहा सह्या खोट्या ठरतात."

"वो तो वैसे भी झूठी हैं।"

हे पोट्टीचं बोलणं मला झोंबलं, कारण त्यात चूक काढायला जागा नव्हती. पण तिला दिसत नव्हतं ते मला दिसत होतं. खरं लिहिलं तर ठेकेदार पहिल्यांदा तिच्या शेडवर राग काढणार. नाही लिहिलं तर ती कागदावर काम करत राहणार आणि प्रत्यक्षात गाड्यांची हँडलं सरळ करत बसणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि काठावर उभी मी नव्हते, ती होती.

मी लिहिलं. सगळं लिहिलं, दोन पानं. जाळ्या कुठे बनतात, ट्रक कधी येतो. हेही लिहिलं की आधीचे सहा अहवाल पूर्वसूचना देऊन केलेल्या तपासणीवर आधारित आहेत, त्यांवर विसंबू नये. आणि प्रामाणिकपणाच्या भरात हेही लिहून बसले की सदर भेट विसरलेला डबा परत घेण्याच्या निमित्तानं झाली.

साहेबांनी बोलावलं. आमचे साहेब वाईट माणूस नाहीत. कागदावर बोट ठेवून सावकाश वाचतात आणि निवृत्तीचे महिने मोजतात. डब्याशी त्यांचं बोट थांबलं. "आप टिफ़िन लेने गई थीं? ये आपने लिखा है, ऑफिशियली?"

"जो हुआ वही लिखा है, सर।"

"मैडम, ये निरीक्षण है कि टिफ़िन सर्विस?" मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "इसमें सबसे पहले कौन फँसेगा, सोचा है आपने?"

मी म्हटलं, सोचा है. तसं स्वतःच्या बाबतीत मी फारसं काही सोचलं नव्हतं.

नियमाप्रमाणे अहवालाची प्रत ठेकेदाराला गेली. आठवड्यात उत्तर आलं, सुरेख बांधलेलं. आत माझेच सहा अहवाल, माझेच फोटो, प्रत्येकावर जागा आणि वेळ. सोबत शेडच्या मालकिणीचं निवेदन की काम नियमित मिळतं, त्या दिवशी माल नुकताच रवाना झाला होता. तिनं ते लिहून दिलं याचं मला नवल वाटलं नाही. मीच तर ते वाक्य तिला सुचवलं होतं. फाइल साहेबांकडून परत आली तेव्हा त्यावर टीप होती: निरीक्षण से पूर्व सूचना देने की स्थापित परंपरा का पालन नहीं किया गया. पूर्व सूचना देकर पुनः निरीक्षण करें.

स्थापित परंपरा. ही परंपरा ऑफिसात कोणी स्थापन केली, हे मी कोणाला विचारू? माझ्याशिवाय एकही माणूस फोन करून जात नव्हता. तीच माझी सवय आता लेखी हुकूम होऊन माझ्या टेबलावर आली होती. आपलेच दात, आपलेच ओठ. मी फाइल कपाटात टाकली, कपाटाला लाथ मारली, मग हुकूम आहे म्हणून परत काढली.

दुपारी चारला फोन केला. समन्वयकाचा आवाज जराही बदललेला नव्हता. "जी मैडम, आप आइए, सब तैयार मिलेगा।" शेडच्या मालकिणीला केला तर ती फक्त "बरं" म्हणाली.

सगळं तयार होतं. चळत भिंतीशी, रंग ओला, जमीन झाडलेली. बाया तिघीही हजर होत्या, पण या वेळी कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. वेल्डर मात्र एकच. मोडक्या गाड्यांचा कोपरा मोकळा होता. समन्वयकानं मला खुर्ची दिली, आणि निरीक्षण चाललं असताना उगाच फाइल चाळत तिथेच उभा राहिला. मला ओरडावंसं वाटत होतं. त्याऐवजी मी जाळ्या मोजत होते, एक, दोन, तीन, जशा आधी सहा वेळा मोजल्या होत्या.

त्याला फोन आला म्हणून तो शटरबाहेर गेला. मी तिच्याजवळ गेले आणि घाईनं म्हटलं, "हा माल तुमचा नाही, एवढं एका ओळीत लिहून द्या. तुमची सही असली की माझं म्हणणं कोणी खोडू शकणार नाही. मी वरपर्यंत जाईन."

ती चळतीकडे बघत बोलली. "तुमचा रिपोर्ट गेला त्या दिवसापासून गाड्याही बंद झाल्या, ताई. बायाले मी घरी बसवलं होतं, आज एका दिवसासाठी बोलावलं. एक वेल्डर सोडून गेला."

"म्हणूनच म्हणते."

"ऐका तर. हा म्हणे, हा रिपोर्ट चांगला गेला का तुमचं नाव यादीतून काढतो. एनओसी देतो. मग मी मोकळी. दुसऱ्याचं काम धरता येईन मले."

"आणि तुम्हाला हे खरं वाटतं?"

"खरं का खोटं, मले काय माहीत." आता तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तुमच्या सहा सह्यांनी मी अडकली. एका सहीनं सुटत असन, तर करा ना ती. खरं लिहून तुमचं मन मोकळं होईन. माझं शेड नाई होणार."

बाहेर त्याचं बोलणं संपत आलं होतं. मला आठवतं, माझ्या मनात त्या वेळी सरकार नव्हतं, नियम नव्हता, साहेबांची टीप नव्हती. मी एवढाच विचार करत होते की या बाईनं दीड वर्षात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट आहे, आणि ती खोटी आहे.

समन्वयक आत आला. मी खुर्चीवर बसले, फॉर्म मांडीवर घेतला आणि शेवटच्या रकान्यात "संतोषजनक" लिहिलं. अक्षर अगदी नेहमीसारखं वळणदार आलं. खाली सही केली. त्यानं "धन्यवाद मैडम" म्हणून माझ्यासाठी चहा मागवला, आणि मी तो प्यायले.

साहेबांनी फाइल बंद केली. मला दोन ओळींचं समजपत्र आलं, निरीक्षण करते समय प्रक्रिया का ध्यान रखें, एवढंच. ऑफिसात कोणी चिडवलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. त्या शेडची पुढची तपासणी निघाली नाही, आणि चार महिने मी उरल्याकडे गेले नाही. मनात एक आशा मी जपून ठेवली होती की ती सुटली असेल, दुसऱ्या कोणाच्या जाळ्या करत असेल, त्या बाया खरोखरचा रंग मारत असतील. माझं खोटं कोणाच्या तरी कामी आलं असेल. पंडरीच्या बाजारात एकदा तिच्यासारखीच दिसणारी बाई साड्यांच्या दुकानात शिरताना दिसली, तर मी स्कूटी थांबवून उगाचच खूश झाले होते. ती निघाली दुसरीच कोणी.

परवा सोमवारी नव्या ठेक्याची फाइल माझ्या टेबलावर आली. वसतिगृहांचंच काम, कंपनीही तीच. छोट्या युनिटांच्या यादीत पहिलं नाव तिच्या शेडचं आहे. आधीच्या कामाचा पुरावा म्हणून माझे सात संतोषजनक अहवाल प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावले आहेत. डबा आणायला गेले तेव्हाचा तो मधला अहवाल त्यात नाही.

सहमतीपत्र शेवटी होतं. खाली तिची सही, आणि सहीखाली तारीख. ती तारीख मी चांगली ओळखते. मी ज्या दिवशी तिच्यासमोर बसून सही केली, तोच दिवस. म्हणजे मी चहा पिऊन स्कूटीला किल्ली लावत होते तेव्हा, किंवा मी पोचण्याच्या आधीच, त्यानं दुसरा कागद तिच्यापुढे ठेवला होता. तिला एनओसी म्हणून दाखवला असेल का? पण ती नोंदी ठेवण्यात वाढलेली बाई आहे, न वाचता सही करणारी नाही. मग तिनं वाचून केली असेल, सुटका नाही हे कळून, निदान गाड्या तरी परत याव्यात म्हणून. आणि मला मात्र सुटते आहे असं सांगितलं असेल, कारण मी सही करावी एवढंच तिला त्या दिवशी हवं होतं.

विचारायला जाणं अवघड नाही. पण गेले तर ती मला खरं सांगेल, आणि मला त्याची भीती वाटते. यादीवर शेरा लिहायला तीन दिवस दिले आहेत. आज तिसरा दिवस आहे, आणि या ठेक्याच्या तपासणीसाठी नेमणूक माझीच झाली आहे.